जनरेटरची ट्रॉली ओढायची आहे: पिकअप सीएनजी घ्यावी की डिझेल?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला सुदामा नगर भागात मंडप आणि लाइटचा घरचा धंदा. २५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला, तो मागे टोचन लावून न्यायचा आणि हौद्यात पाइप, पडदे, लाइटच्या पेट्या. बहुतेक काम शहरात, लग्नसराईत देवास, उज्जैन, महू आणि महिन्यातून काही वेळा घाट उतरून धामनोद, महेश्वर, नाहीतर सिमरोलवरून खंडव्याकडे. शोरूमवाला म्हणतो सीएनजी घ्या, खर्च वाचेल. मेहुणे म्हणतात ओढायचं काम डिझेलचंच, सीएनजीत दम नसतो. कोणाचं ऐकायचं?

तुमच्या कामाला डिझेल. पण मेहुणे सांगतात तेवढंच त्याचं कारण नाही, आणि शोरूमवाला अगदीच चुकीचं बोलतोय असंही नाही. घाटाची कामं तुम्ही सोडून दिलीत, किंवा त्या दिवसापुरता जनरेटर तिकडूनच भाड्याने घेतलात, तर माझं उत्तर बदलेल.

इंधनाच्या आधी वजनाचं बघू. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या ट्रॉलीचं वजन माहीत नसतं. २५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर तेल-पाण्यासकट हजार किलोच्या आसपास जातो, त्यात ट्रॉलीचा सांगाडा, एक्सल, चाकं आणि वर गुंडाळून ठेवलेली केबल. बाराशे-तेराशे किलो सहज होतात. अंदाज नको, जवळच्या धर्मकाट्यावर जाऊन एकदा नुसती ट्रॉली तोला आणि एकदा सगळा माल भरून पूर्ण जोडी तोला. मग आरसी पुस्तकातलं गाडीचं भरलेलं वजन बघा. हुकावर ट्रॉलीच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी टेकलेला असावा लागतो, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो, आणि ते हौद्यातल्या मालातच धरायचे. जनरेटर ट्रॉलीवर मागे सरकवून बसवला असेल तर हूक हलका होतो आणि ताशी ५० किमीच्या पुढे ट्रॉली शेपूट हलवायला लागते. हा दोष कुठल्याच इंजिनाने भरून निघत नाही.

दुसरं म्हणजे कंपनीचं पुस्तक. आपल्याकडच्या छोट्या पिकअप माल वाहण्यासाठी बनतात. त्यांची भारक्षमता ठळक छापतात. ओढायचं वजन मात्र दिलेलं असतंच असं नाही. ज्या मॉडेलच्या पुस्तकात ते नाही, त्याची ओढण्याची क्षमता शून्य धरा आणि शोरूमवाल्याकडून लेखी मागा. ‘सगळेच ओढतात साहेब’ हे लेखी उत्तर नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणून तिचं स्वतंत्र रजिस्ट्रेशन आणि विमा लागतो. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली, नंबर नसलेली ट्रॉली मागे असताना काही झालं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

आता दमाचा मुद्दा, कारण मेहुण्यांचं म्हणणं इथे तपासता येतं. गाडी मालासकट तीन टन आणि ट्रॉली १,३०० किलो धरली तर जोडी ४,३०० किलोची. दर शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ही जोडी ताशी ३० किमीने न्यायची, तर चाकांपाशी साधारण २६ किलोवॅट, म्हणजे पस्तीस हॉर्सपॉवर लागतात. हा आकडा मोठा नाही. छोट्या सीएनजी इंजिनातही तेवढे हॉर्सपॉवर कागदावर असतात. प्रश्न ते इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतात हा.

टाटाच्या इंट्रा व्ही२० बाय-फ्युएलचं १.२ लिटरचं इंजिन पेट्रोलवर १०६ आणि सीएनजीवर ९५ एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. गॅस हवेची जागा खातो, म्हणून सीएनजीवर दहा टक्क्यांच्या आसपास घट बहुतेक अशा इंजिनांत दिसतेच. ९५ एनएमवर २,००० फेऱ्यांना मिळतात जेमतेम २० किलोवॅट. तोच चढाव चढायला इंजिन तीन हजारांच्या बरंच वर ठेवावं लागतं, आणि गिअर बदलताना फेऱ्या पडल्या की गाडी मरते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल २०० एनएमच्या घरात टॉर्क देतं, तेही १,४०० ते २,२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात. २,००० फेऱ्यांवर ४० किलोवॅट झाले. ते इंजिन आरामात, कमी आवाजात चढतं.

ही तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण एक गाडी टनभराची आणि दुसरी त्याहून मोठी. मोठ्या इंजिनाच्या सीएनजी पिकअपही बाजारात आहेत आणि त्यांना हा आक्षेप कमी लागू पडतो. म्हणून शोरूममध्ये ‘सीएनजी की डिझेल’ विचारण्याऐवजी २,००० फेऱ्यांवर टॉर्क किती, हे विचारा. जास्तीत जास्त हॉर्सपॉवरचा आकडा ओढणाऱ्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

यातला फरक सर्वांत आधी क्लचला कळतो. रस्त्यावर चालताना छोटं इंजिन कसंबसं निभावून नेतं. पण लग्नाच्या लॉनच्या फाटकातून रॅम्पवर, मागे ट्रॉली, पुढे वरात, अशा जागी गाडी हाफ क्लचवर इंच इंच सरकवावी लागते. खालच्या फेऱ्यांत टॉर्क नसेल तर ड्रायव्हर रेस वाढवतो आणि क्लच घासत ठेवतो. प्लेट जळाल्याचा वास सगळ्या गल्लीला येतो. ओढणाऱ्या छोट्या गाड्यांच्या कामांत माझ्याकडे क्लच प्लेट पहिल्या नंबरावर असते, इंजिन खूप नंतर.

चढावाबद्दल सगळे बोलतात. मला उताराबद्दल जास्त बोलायचं आहे.

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. खलघाटला नर्मदा ओलांडता तेव्हा तुम्ही जवळपास चारशे मीटर खाली आलेले असता. हा सगळा उतार एका दमात नाही, पण मानपूरनंतरचा टप्पा आणि गणपती घाट ज्याने भरल्या गाडीने केलाय त्याला वेगळं सांगायला नको. तिथे उतरताना ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की शेवटी उतारासाठी वेगळा रस्ता काढावा लागला. ४,३०० किलोची जोडी चारशे मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे १७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवायची, जवळजवळ अर्ध्या लिटर डिझेलची उष्णता. काही भाग हवा आणि टायर खातात, काही इंजिन खातं, उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रम आणि लायनरमध्ये जाते. आणि तुमच्या ट्रॉलीला ब्रेकच नाहीत, असं मी धरून चालतो, कारण इथे बनणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना नसतात.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून उतारावर डिझेल गाडी जास्त धरते. तसं नाही. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पिस्टन खाली जाताना घेतलेली बरीचशी ताकद परत देऊन टाकते. पेट्रोल-सीएनजी इंजिनात पाय सोडला की थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, बंद होतो, इंजिनाला हवा ओढायला जोर लावावा लागतो आणि तोच जोर गाडी धरून ठेवतो. जुन्या धाटणीच्या डिझेलला असा थ्रॉटल नसतो. मोठ्या ट्रकना म्हणूनच धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी धरणारा एक्झॉस्ट ब्रेक लावतात, छोट्या पिकअपना तो सहसा नसतो. म्हणजे लिटरला लिटर तोललं तर उतारावर सीएनजी इंजिन कमी नाही, उलट बरंच. तरीही मी डिझेल सांगतोय, कारण तुमच्या वजनाच्या गाडीत डिझेल इंजिन दुप्पट मोठं येतं, त्याबरोबर क्लच, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, ड्रम आणि पाटे सगळंच जाड येतं. घाटात तुम्हाला तारतात ती ही अंगं.

त्यामुळे डिझेल घेतली म्हणून उतारावर निर्धास्त होऊ नका. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, मधोमध नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही; जोरात दाबून वेग पाडायचा, सोडायचा, गार होऊ द्यायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर असेल तर त्याला या कामावर ठेवू नका. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय सोडला की इंधन तसंही बंद होतं, त्यामुळे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जळतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि तापलं की त्यात वाफ धरते, पॅडल एकदम जमिनीला टेकतं. दोन वर्षांत बदलायचं, रंग चांगला दिसत असला तरी. आणि ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक बसवून घ्या, म्हणजे गाडी मंदावली की ट्रॉलीच्या ढकलण्यानेच तिचे ब्रेक लागतात. वरच्या मॉडेलचे पैसे आधी या कामाला लावा.

आता डिझेलची दुखणी, जी मेहुण्यांना बहुधा माहीत नाहीत कारण त्यांचा अनुभव जुन्या गाड्यांचा असेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर आला, डीपीएफ. तो भरला की गाडी स्वतः त्याला साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवून काजळी जाळते. त्यासाठी सलग चाल लागते. तुमच्या शहरातल्या कामात गाडी राजवाड्याहून लोहा मंडी, तिथून लॉन, तिथे अर्धा तास इंजिन चालू ठेवून माल उतरवणं, परत गोदाम. सगळी चाल तीन-चार किलोमीटरची. असं आठवडाभर चाललं की दिवा लागतो. दिवा लागला की ड्रायव्हर घाबरून गाडी बंद करतो, नेमका जाळण्याचा कार्यक्रम अर्धवट राहतो, आणि दोन-तीनदा असं झालं की गाडी जोर काढून घेते आणि वर्कशॉपमध्ये मशीन लावून फिल्टर जाळावा लागतो.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा बायपासला राऊ ते देवास नाका अशी सलग अर्ध्या तासाची चाल द्या, गिअर एक खाली ठेवून. उज्जैनचं काम असेल तर त्याच फेरीत होऊन जातं. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. स्वस्त ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. ‘फिल्टर काढून पाइप टाकून देतो’ म्हणणारे मेकॅनिक गावात पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय सेन्सर आणि सॉफ्टवेअरशी मारामारी सुरू होते ती संपत नाही. काही मॉडेलमध्ये युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफही भरावं लागतं. ते सीलबंद डब्यातलंच घ्यायचं.

एक गोष्ट खास तुमच्या धंद्याची. जनरेटरसाठी गोदामात डिझेलचा कॅन असणारच, आणि कधी ना कधी तो गाडीत ओतला जाणार. जनरेटर कदाचित चालवून घेईल. गाडीचे कॉमन रेल इंजेक्टर, म्हणजे प्रचंड दाबाने डिझेल फवारणाऱ्या बारीक तोट्या, नाही घेणार. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये पाणी धरतं, तळाला गाळ असतो, आणि चार इंजेक्टरांचं बिल हातात पडलं की वर्षभराची बचत गेली. गाडीत फक्त पंपाचं डिझेल, हा नियम पोरांना पहिल्या दिवशी सांगून ठेवा.

सीएनजीच्या बाजूनेही मनापासून बोलतो. शहरात छोट्या चाली, सारखं थांबणं, मधेच इंजिन बंद, हे सगळं तिला सोसतं. डीपीएफ नाही, इंजिन शांत, ऑइल लवकर काळं होत नाही. ज्यांचं काम बायपासच्या आत आहे आणि ट्रॉली पाचशे-सातशे किलोची आहे, त्यांना मी आजही सीएनजी सुचवतो, अर्थात कंपनीचं लेखी असेल तर. मोटर, पंप, छोटे जनरेटर हौद्यात घालून नेणाऱ्यांनी तर डिझेलचा विचारही करू नये. मात्र सिलिंडरचं वजन भारक्षमतेतून वजा होतं: मारुतीची सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते, सीएनजीवर ६२५. शिवाय तिच्यात पेट्रोलची टाकी फक्त पाच लिटरची, निकडीपुरती. दर तीन वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. ती चुकवली तर पंपावर गॅस भरत नाहीत आणि भरूही नये.

पण ट्रॉली मागे असताना गॅस भरायला कसं जायचं, याचा विचार फार कमी लोक करतात. गॅस २०० बारला भरतात. गर्दीच्या वेळी दाब पडला की सिलिंडर पुरता भरत नाही आणि ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये तसाही नऊ-दहा किलोच मावतो. ओढताना गाडी जास्त खाते, म्हणून फेऱ्या जास्त. त्यात रांगेत मागे ट्रॉली लावून उभं राहणं, मागे घेता येत नाही, पंपवाला ओरडतो. मग पोरं ट्रॉली रस्त्याच्या कडेला सोडून येतात आणि परत जाऊन जोडतात. रात्री अकराला लग्न आटोपल्यावर हे करून बघा. अवंतिका गॅस कंपनीचे सीएनजी पंप इंदूर-उज्जैन पट्ट्यात आहेत, पण घाटाखालच्या कामाला निघताना गॅस कुठे मिळेल हे आधी ठरवून निघावं लागतं. डिझेलला तो विचार करावा लागत नाही.

खर्चाचा हिशेब शोरूमवाला करून देईल तसा करू नका. ऊर्जेच्या हिशेबाने एक किलो सीएनजी म्हणजे सव्वा लिटर डिझेलहून थोडं जास्त. पण स्पार्कचं इंजिन ती ऊर्जा डिझेलइतकी काटकसरीने वापरत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष रस्त्यावर एक किलो गॅस एक लिटर डिझेलपेक्षा जेमतेम थोडा पुढे नेतो. म्हणून ज्या दिवशी हिशेब कराल त्या दिवशीचे पंपावरचे दोन भाव शेजारी लिहा. किलोचा भाव लिटरच्या भावापेक्षा बराच खाली असेल तर सीएनजीत बचत आहे. दोन्ही जवळपास असतील तर इंधनापोटी बचत जवळपास नाही, मग फक्त गाडीच्या किमतीतला आणि देखभालीतला फरक उरतो. महिन्याचे किलोमीटर स्वतःच्या डायरीतून घ्या. मंडपवाल्यांच्या गाड्या ट्रान्सपोर्टवाल्यांसारख्या रोज धावत नाहीत. सीझनला पळतात आणि पावसाळ्यात उभ्या राहतात. कमी किलोमीटरवर दोन-चार रुपयांची बचत वर्षअखेरीस फारशी दिसत नाही.

तुम्ही अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ बघून प्रश्न विचारलाय असं वाटतं, म्हणून एवढंच: तिकडे हलक्या पिकअपमध्ये डिझेल मागे पडतंय. फोर्डने एफ-१५० मधलं तीन लिटरचं डिझेल २०२१ मध्ये बंद केलं, रॅमने इकोडिझेल २०२३ मध्ये. पण तिकडे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं आणि त्यांचं साडेतीन लिटरचं टर्बो पेट्रोल ५०० पौंड-फूट, म्हणजे पावणेसातशे एनएमच्या घरात टॉर्क देतं. आपल्या १.२ लिटरला तो निष्कर्ष लावू नका.

तर तुम्ही दीड-पावणेदोन टन भारक्षमतेच्या वर्गातली डिझेल पिकअप बघा. एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या मिळतात. ज्या कंपनीचं ओढायच्या वजनाचं लेखी मिळेल आणि ज्यांचं वर्कशॉप देवास नाक्याच्या बाजूला रात्रीही उघडं असतं, ती. जुनी बीएस-४ स्वस्त मिळते म्हणून मोह होईल. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तो खर्च आणि खोळंबा धरून किंमत पाडा. ट्रायल रिकामी घेऊ नका. हौद्यात सिमेंटच्या गोण्या टाकून सिमरोलच्या घाटात न्या, चढावावर मधेच थांबवा आणि पुन्हा उचला. गाडी रेस न वाढवता, क्लच न घासता उचलली तर घ्या. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेक न लावता किती धरते तेही बघा. शोरूमवाला एवढी ट्रायल देत नसेल तर दुसरा बघा.

ट्रॉलीची चाकं या आठवड्यातच उघडून बेअरिंगला ग्रीस भरून घ्या, सीझन सुरू व्हायची वाट बघू नका. हुकाशेजारी जाड साखळी लावा. मागच्या दिव्यांची वायर गाडीच्या प्लगला जोडा. लाल रिबन बांधून रात्री बायपासवर ट्रॉली नेणारे मला रोज दिसतात.